उभ्या गाडीचीही हजेरी मांडा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



आयोगाकडे ग्राहकांची जी पत्रं येतात ती बहुधा दरवाढीवरच्या हरकतींची. हे पत्र जरा उलट्या मागणीचं आहे. महावितरणने काही ग्राहकांना पैसे द्यावेत आणि त्याचा दर आयोगाने ठरवावा, अशी विनंती करायला लिहितो आहे. विजेवरची गाडी उभी असताना तिच्या बॅटरीतली वीज ग्रिडमध्ये परत घेता येते. पैसे त्या विजेचे द्यावेतच, पण त्याआधी ‘मागाल तेव्हा देऊ’ म्हणून गाडी तारेला जोडून ठेवण्याचे द्यावेत. माझा सगळा मुद्दा या दुसऱ्या भागात आहे.

राज्याची वीज आता घड्याळावर चालते, हे आपल्याला मी सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट १६,००० मेगावॅट आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पंप सुरू करायला जावं लागू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण ही सगळी वीज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातच येणार. मे महिन्याच्या दुपारी वीज बाजारात भाव दोन-तीन रुपयांवर येतात, रविवारी त्याहून खाली जातात. सूर्य कलला की तोच बाजार केंद्रीय आयोगाने घातलेल्या १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. युनिट तेच आणि तारही तीच असते, बदललेली असते ती वेळ. आपल्या दरपत्रकाने हे मान्य केलेलं आहे. वापराच्या वेळेप्रमाणे दर हे तत्त्व आता उद्योगांपासून घरांपर्यंत आलं आहे.

आजवर आपली संध्याकाळ कोयनेने सांभाळली. सुमारे १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प काही मिनिटांत पूर्ण क्षमतेने चालू होतो आणि तितक्याच सहज थांबतो. पण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि पाऊस कमी झाला की सांगलीपासून खाली सगळेच त्या पाण्याकडे डोळे लावून बसतात. घाटघरला दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडायची सोय आहे, ती २५० मेगावॅटची. असे आणखी प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत. त्यांना डोंगर लागतो, जंगल लागतं, परवानग्या लागतात आणि वर्षं लागतात. गाडीतली बॅटरी मात्र कुणीतरी आधीच स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली असते. दिवसातले बावीस-तेवीस तास ती नुसती उभी असते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी स्टीव्हन लेटेंड्रे यांच्यासोबत १९९७ मध्ये ती निबंधात मांडली, तेव्हा विकत घेता येईल अशी विजेवरची गाडी जवळपास नव्हतीच. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या मिनी गाड्यांचा एक छोटा ताफा पूर्वेकडच्या राज्यांच्या ग्रिडला सेवा पुरवून रीतसर पैसे मिळवू लागला. त्या बाजारात उतरायला किमान १०० किलोवॅटची अट होती. एकट्या गाडीला ती पेलणारी नव्हती, म्हणून बऱ्याच गाड्या एकत्र बांधून ग्रिडला त्या एक संयंत्र म्हणून दाखवल्या गेल्या. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या गाड्यांनी युनिटं विकून पैसे मिळवलेच नाहीत. वारंवारिता जरा घसरली की थोडी वीज द्यायची, चढली की थोडी घ्यायची, आणि उरलेला वेळ जोडलेलं राहायचं, हे त्यांचं काम होतं. दिवसाअखेर बॅटरी साधारण होती तिथेच असायची. मोबदला मिळाला तो सज्ज राहण्याचा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये २०१६ पासून पाणी-गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या दहा निसान व्हॅन रात्रभर हेच करत राहिल्या. युट्रेक्ट, शांघाय, शेन्झेन इथेही आता प्रयोग चालू आहेत. त्यांच्या तपशिलात शिरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण ते उदाहरण आपल्याला उचलता येण्यासारखं आहे. तिथल्या सरकारी शाळांच्या ताफ्यात २०२४ मध्ये ७४ बस आल्या, सगळ्या विजेवरच्या आणि सगळ्या ग्रिडला वीज परत देऊ शकणाऱ्या. शाळेच्या बसचं वेळापत्रक वीज खात्यानेच आखून द्यावं असं असतं. सकाळी फेरी, दुपारी फेरी, आणि ऐन संध्याकाळी, जेव्हा घराघरांत दिवे, पंखे, एसी आणि टीव्ही सुरू होतात, तेव्हा बस रिकामी उभी. उन्हाळ्याच्या सुट्टीत विजेची मागणी शिगेला असते तेव्हा तर ती दिवसभरच रिकामी.

म्हणून माझी विनंती अशी की या कामाची सुरुवात मोटारींपासून करू नये. मोटारीचा मालक संध्याकाळी घरी येतो आणि पहिल्यांदा विचारतो, उद्या सकाळी गाडी भरलेली असेल ना? त्यात पार्किंगचा प्रश्न. चार्जिंगचा एक पॉइंट बसवायचा तर सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन वर्षं तो विषय ‘पुढील सभेत घ्यावा’ या शेऱ्यासह पडून राहतो. तिथे ‘आता आपल्या गाडीतून वीज बाहेरही जाणार’ असं कोणी म्हटलं, तर सेक्रेटरी राजीनामा देईल.

शहर बसबद्दलही उगाच आशा धरू नये. पुण्यात २०१९ मध्ये पीएमपीने भेकराईनगरचा आख्खा डेपो विजेवरच्या बससाठी उभारला. एसटीची शिवाई १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, १९४८ मध्ये पहिली एसटी धावली त्याच मार्गावर. या बसमध्ये मोठ्या बॅटऱ्या आहेत, पण संध्याकाळी सहा ते दहा या वेळात या बस प्रवाशांनी खच्चून भरलेल्या आणि रस्त्यावर असतात. तिथे त्या असायलाच हव्यात. त्यांनी दुपारी चार्जिंग केलं तरी राज्याचं पुष्कळ काम होईल. वीज परत देण्याची अपेक्षा करायची ती शाळेच्या बसकडून, कारखान्यांच्या आणि आयटी कंपन्यांच्या दिवसपाळीच्या बसकडून, माल पोचवणाऱ्या छोट्या टेम्पोंकडून, आणि रिक्षा-स्कूटरच्या बॅटऱ्या बदलून देणाऱ्या केंद्रांकडून. या केंद्रांमध्ये बॅटऱ्या गाडीतसुद्धा नसतात, कपाटात ओळीने मांडलेल्या असतात आणि तारेला जोडलेल्याच असतात.

एका बसचा हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण अवास्तव नाहीत. बॅटरी १५० युनिटांची. सकाळच्या फेऱ्या झाल्या की शाळेच्या आवारात उन्हाच्या वेळी ती भरते. शेवटची फेरी करून साडेपाचला बस उभी राहते तेव्हा तिच्यात १०० ते ११० युनिटं असतात. सहा ते दहा या वेळात १५ किलोवॅटने ६० युनिटं दिली, तरी दुसऱ्या सकाळच्या फेऱ्यांना पुरून उरतील इतकी राहतात.

अशा १०० बस म्हणजे दीड मेगावॅट. घाटघरची बरोबरी करायची तर सोळा-सतरा हजार बस लागतील, आणि आज शाळांच्या बहुतेक बस डिझेलवर चालतात. तेव्हा ही योजना उद्या कोयनेला पर्याय होईल असं मी म्हणत नाही, आणि कोणी तसं सादरीकरण घेऊन आपल्यासमोर आलं तर त्याला हा आकडा विचारावा. फायदा दिसेल तो खाली, गल्लीतल्या डीपीवर. २०० केव्हीएच्या रोहित्रावर एप्रिलच्या रात्री भार चढतो, ऑइल तापतं, फ्यूज उडतो आणि लोक वायरमनला फोन करत बसतात. त्या डीपीखालीच चार बस उभ्या असतील तर त्या ६० किलोवॅट देतात, म्हणजे जवळजवळ तीस टक्के भार तिथल्या तिथे उचलतात. ही वीज उच्चदाब वाहिन्यांतून, उपकेंद्रांतून येत नाही, त्यामुळे वाटेतली गळतीही वाचते. वीज बाजारातल्या भावात हा फायदा कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच आयोगाची गरज आहे.

आता पैशाकडे येतो. समजा, या बसला परत दिलेल्या युनिटामागे १० रुपये दिले, म्हणजे बाजारातला सर्वोच्च भाव. संध्याकाळचे ६०० रुपये झाले. भरताना आणि काढताना मिळून पंधरा-वीस टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून ६० युनिटं द्यायला दुपारी सुमारे ७२ भरावी लागतील. सवलतीचा दर ६ रुपये धरला तर त्यांचे ४३२ रुपये. उरले १६८. वर्षात दोनशे संध्याकाळी धरल्या तर ३३,६०० रुपये. दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लाखांत जातो, त्यात बॅटरीची झीज, आणि बसमालकाच्या डोक्याला ताप. कोणताही व्यवहारी माणूस या भानगडीत पडणार नाही. एवढाच दर जाहीर करून आयोगाने फाइल बंद केली, तर दोन वर्षांनी ‘योजनेला प्रतिसाद मिळाला नाही’ असा अहवाल येईल आणि दोष ग्राहकाच्या माथी मारला जाईल.

यावर उपाय डेलावेअरमध्ये सापडला तोच आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. औष्णिक केंद्राला आपण दोन प्रकारे पैसे देतो: एक दिलेल्या युनिटाचे, दुसरे उपलब्ध राहण्याचे. उपलब्धतेवर आधारलेला हा दर केंद्रीय पातळीवर पहिल्यांदा लागू झाला तो १ जुलै २००२ ला, आणि आपल्याच पश्चिम विभागात. मागणी नाही म्हणून एखादा संच बंद ठेवायला सांगितला, तरी तो तयार होता एवढ्यावर महावितरण त्याचा स्थिर आकार भरतं आणि तो आमच्या बिलात येतो. आम्ही कुरकुरतो, पण तत्त्व समजतो. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाचा पगार कुणी कापत नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या वेळी याच तत्त्वाचा अतिरेक कसा अंगाशी येतो तेही महाराष्ट्राने पाहिलं. वीज घ्या अगर न घ्या, पैसे मोजा, अशा कराराने राज्य वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. तेव्हा सज्जतेचा मोबदला आंधळेपणाने द्यावा असं मी म्हणणार नाही. पण कोळशाच्या उभ्या संचाला जो न्याय, तोच लहान प्रमाणात उभ्या बसला का नसावा?

व्यवहारात ते असं करता येईल. ज्या डीपीवर आणि ज्या फीडरवर संध्याकाळचा भार नेहमी मर्यादेबाहेर जातो, त्यांची यादी महावितरणने जाहीर करावी. तिथे जोडलेल्या प्रत्येक किलोवॅटला, ठरलेल्या महिन्यांत आणि ठरलेल्या तासांत हजर राहिल्याबद्दल, दरमहा रक्कम मिळावी. मागणी आली आणि गाडी जोडलेली नव्हती तर त्या महिन्याची रक्कम कापावी. युनिटाचा दर त्याव्यतिरिक्त, त्या वेळच्या बाजारभावाशी बांधलेला. रोहित्राची क्षमता वाढवायला जो खर्च आला असता, तो या रकमेची वरची मर्यादा. त्याहून जास्त एक पैसा देऊ नये. म्हणजे इतर ग्राहकांवर बोजा पडतो, ही हरकतही उरणार नाही.

एका मोहापासून आयोगाने दूर राहावं. छतावरच्या सौरऊर्जेसाठी २०१९ चे विनियम तयार आहेत, नेट मीटरिंगही लोकांना माहीत आहे, मग गाड्यांनाही तेच लावून टाका, असं कोणीतरी सुचवेल. कृपा करून ते करू नका. युनिटाला युनिट वजा केलं की दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट एका भावाचं होतं, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारणच नाहीसं होतं. इथे मोजणी पंधरा मिनिटांच्या खणांतच हवी. स्मार्ट मीटर बसवण्यावरून राज्यात इतका वाद झाला. त्या मीटरमुळे ग्राहकाच्या खिशात चार पैसे येतात असा हा पहिला प्रसंग ठरेल.

तसंच दुहेरी आकारणीचं. गाडी भरताना वहन आकार, वीज शुल्क, इंधन समायोजन आकार सगळं लागतं. तीच वीज परत ग्रिडमध्ये गेली, शेजाऱ्याने वापरली, तर त्याच्या बिलातही तेच आकार लागतील. एका युनिटावर दोनदा. शुल्क राज्य शासनाचा विषय आहे हे जाणतो, पण निदान वहन आकार निव्वळ वापरावरच घ्यावा, हे आयोगाच्या हातात आहे. गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे, तिला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राने २०१८ मध्ये केला आणि चार्जिंगचा धंदा मोकळा झाला. उलट दिशेने जाणाऱ्या युनिटाबद्दलही तितकाच स्पष्ट शब्द हवा, नाहीतर शाळेच्या बसचा ठेकेदार रातोरात वीजनिर्मिती कंपनी ठरायचा.

बॅटरी झिजते, ही शंका खरी आहे. २०१७ मध्ये हवाईतले मॅथ्यू दुबारी यांच्या चाचण्यांतून निष्कर्ष निघाला की अशा देवाणघेवाणीने बॅटरीचं आयुष्य घटतं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या कोतुब उद्दीन यांच्या गटाने दाखवलं की बेताने वीज काढली तर उलट ते वाढू शकतं. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून निबंध लिहिला. दोघेही बरोबर होते, फरक वीज कशी आणि किती काढली यात होता. शंभर टक्के भरून कडक उन्हात उभी ठेवलेली बॅटरी नुसती बसूनही म्हातारी होते, आणि नागपूर-चंद्रपूरला हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्याकडच्या बसमध्ये जास्त करून लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात, त्या हजारो वेळा भरता-रिकाम्या करता येतात. पण गाडी-कंपनीने वॉरंटीच्या बारीक अक्षरांत ‘ग्रिडला वीज दिल्यास हमी रद्द’ असं घातलं, तर संशोधनाचा काय उपयोग? ज्या कंपन्या हमी कायम ठेवतील त्यांच्याच गाड्या या योजनेत घ्याव्यात.

बॅटरी वाया जाऊ देऊ नये याला आणखी एक कारण आहे, जे वीज खात्याच्या फायलीत येत नाही. विजेवरच्या एका मोटारीत ढोबळ मानाने ८० किलो तांबं असतं, पेट्रोलच्या गाडीच्या तिपटीहून जास्त. गोंदियाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथल्या खडकात तांबं साधारण एक टक्का. म्हणजे एका गाडीसाठी आठ टन खडक फोडायचा आणि पिठासारखा दळायचा. जगातल्या एकूण विजेपैकी तीन टक्क्यांच्या आसपास वीज खनिजं फोडण्या-दळण्यात जाते असा अंदाज आहे, आणि तिचा बराचसा भाग नुसता गिरणी तापवण्यात आणि आवाजात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात सॅम किंगमन यांच्या गटाने यावर एक सुंदर युक्ती करून पाहिली. खडकावर क्षणभर तीव्र मायक्रोवेव्ह सोडायचे. धातूची सल्फाइडं चटकन तापतात आणि फुगतात, शेजारची गारगोटी थंडच राहते, आणि दोघांच्या सांध्यावर केसाएवढ्या भेगा पडतात. मग दळायला जोर कमी लागतो आणि दाणा मोकळा होतो. तासाला दीडशे टनांपर्यंत खडक हाताळणारं यंत्र त्यांनी चालवून दाखवलं. प्रत्येक खनिजाला हे लागू पडत नाही, आणि खाणीत रोजच्या रोज वापरायला ते अजून रुळायचं आहे. जे तांबं बाहेर काढायला माणसाने इतकं डोकं आणि इतकी वीज खर्च केली, ते पार्किंगमध्ये बावीस तास बिनकामाचं ठेवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

शेवटची गोष्ट वायरमनची, आणि ती वाटाघाटीची नाही. लाइन बंद करून माणूस खांबावर चढलेला असताना खालून एखादी गाडी वीज परत ढकलत असेल तर काय होईल, हे सांगायला नको. जनरेटर आणि इन्व्हर्टरच्या उलट्या विजेने आपल्याकडे माणसं गेलेली आहेत. ग्रिड गेली की गाडीचा पुरवठा आपोआप आणि तत्काळ तुटला पाहिजे; ते तंत्र सौर इन्व्हर्टरमध्ये वर्षानुवर्षं आहे. पण आता नेक्सॉनसारख्या गाड्यांना बाहेरची उपकरणं चालवायची सोय असते, आणि त्या सॉकेटमधून वायर ओढून घराच्या बोर्डात खुपसण्याचे जुगाड होऊ शकतात. नियम आणि मान्यताप्राप्त चार्जर लवकर आले नाहीत तर जुगाड आधी येतील. कडक तपासणी, डीपीवर फलक, आणि बेकायदा जोडणीला जबर दंड, या तिन्हींना माझा आगाऊ पाठिंबा समजावा.

केरळच्या वीज मंडळाने आयआयटी मुंबईला सोबत घेऊन गाड्यांची वीज ग्रिडमध्ये घेण्याच्या दिशेने पाऊल टाकलं आहे. पवईतली माणसं तिरुअनंतपुरमला जाऊन हे काम करतात, तर महावितरणच्या वांद्र्यातल्या ‘प्रकाशगडा’तून त्यांना बोलावणं जायला हरकत नसावी.

पुणे, नाशिक आणि नागपूर इथले प्रत्येकी काही फीडर निवडून, दोन उन्हाळ्यांसाठी, सज्जतेच्या मोबदल्यासह प्रायोगिक दर जाहीर करावा, एवढीच प्रार्थना आहे. मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढावा आणि हरकती-सूचनांना एकवीस दिवसांऐवजी दोन महिने द्यावेत. शाळांच्या बसमालकांच्या संघटनांना सुनावणीची नोटीस वेगळी पाठवावी, कारण आयोगाची जाहिरात वाचायची त्यांना सवय नाही.

कळावे,

आपला,
एक वीजग्राहक, पुणे